भाजल्या बियाचा दृष्टांत

ही गोष्ट घडली तेव्हा देवपूजेच्या फुलांची परडी आमच्या घरात अठरा वर्षं माझ्याकडे होती. पंचगंगा घाटाच्या वरच्या गल्लीत आमचं घर आणि घराच्या छतावर माझ्या एकोणतीस कुंड्या. गच्चीला काशीतले आम्ही मराठी लोक छतच म्हणतो. कोणत्या महिन्यात कोणतं फूल मिळेल, कोणत्या रोपाला कधी खत, कोणाची कटिंग कोणाकडून आली, हे सगळं मी एका जाड वहीत लिहून ठेवत असे. मामंजी, म्हणजे माझे सासरे, पहाटे गंगेवरून स्नान करून वर येत तेव्हा परडी देवापाशी तयार असे. उन्हाळ्यात मोगरा, पावसाळ्यात तगर आणि जाई, थंडीत शेवंती, कण्हेर आणि तुळस बारा महिने. माझ्या अडचणीच्या चार दिवसांतही शेजारणीकडून परडी येण्याची सोय मी लावून ठेवली होती. एकदाही ती रिकामी गेली नाही.

मामंजींनी त्याबद्दल कधी अवाक्षर काढलं नाही. ते वेदांत शिकवणारे. फुलांबद्दल काय बोलणार, अशी मी स्वतःची समजूत घातली होती. हे आधी सांगून ठेवते, कारण पुढे जे लिहायचं आहे त्यात मी फारशी शोभत नाही.

धाकटी जाऊ माझ्याहून अकरा वर्षांनी लहान. जन्म काशीतलाच, त्यामुळे तिच्या बोलण्यात चार शब्द मराठी तर दोन हिंदी. तिच्या हातून किल्ल्या हरवत, दूध उतू जाई, पापडांवर कावळे बसत. यातल्या कशाचं तिला फार वाईट वाटत नसे आणि दुसऱ्यांनाही तिचा राग येत नसे. मला येत असे. मी चुकले की घरात तीन दिवस त्याची आठवण निघे. ती चुकली की लोक हसून पुढच्या विषयाला लागत.

त्या पिवळ्या झुडपाची इच्छा माझी होती, हे मला स्पष्ट लिहायचं आहे. एका माघात आम्ही सगळे एक्क्यांतून सारनाथला निघालो होतो. सिकरोलच्या, साहेब लोकांच्या छावणीवरून जाताना एका बंगल्याच्या कुंपणावरून एक झुडूप बाहेर झुकलेलं दिसलं. पानं करडी हिरवी, आणि अंगभर हळकुंडांएवढे लोकरीचे गोंडे. थंडीत एवढं पिवळं मी कधी पाहिलं नव्हतं. मी एक्का थांबवायला लावला, उतरले आणि कुंपणातून हात घालून वास घेतला. धाकटी तेव्हा एक्क्यात झोपली होती.

दोन वर्षांनी भावजी, म्हणजे तिचा नवरा, एक पुडी घेऊन आले. ते छावणीतल्या एका कचेरीत कारकून होते. त्या बंगल्यातलं बिऱ्हाड विलायतेला परत चाललं होतं आणि मडमेने जाताना कचेरीच्या लोकांना सामानसुमान वाटलं होतं.

"वहिनी, तुमचं पिवळं झुडूप," ते म्हणाले. "मूळचं ऑस्ट्रेलियातलं. बी तिथूनच मागवलेलं होतं म्हणे."

त्यांनी लक्षात ठेवलं होतं, याचा मला किती आनंद झाला. तो एक घटकाभर टिकला. मग त्यांनी सहज सांगितलं, "अर्धी हिलाही द्या. तीही लावीन म्हणते."

पुडीत चोवीस बिया होत्या. उडदापेक्षा लहान, काळ्या, चकचकीत, नखाने दाबलं तर नखच वाकेल अशा टणक. मी पाटावर ओतून बारा-बारा केल्या. पुडीवर इंग्रजीत बारीक छापलेलं होतं. भावजींनी ते उजेडात धरून वाचलं.

"पेरण्याआधी उकळतं पाणी घाला, असं दिसतंय."

"उकळतं कसं असेल, भावजी? बी मरेल की."

"लिहिलंय तर तसंच."

"उकळून निववलेलं म्हणत असतील. साहेब लोक पाणी उकळून पितात, तर त्यांच्या झाडांनाही तसंच लागत असेल."

भावजी म्हणाले, "असेलही." त्यांचं इंग्रजी कचेरीपुरतं होतं, बागेपुरतं नव्हतं. शिवाय त्याच वेळी खालच्या सोप्यात मामंजी विद्यार्थ्यांना नेहमीचाच दृष्टांत सांगत होते. भाजलेल्या बियाला जसा अंकुर फुटत नाही, तसं ज्ञानाने जळालेलं कर्म पुन्हा फळत नाही. लग्न होऊन आल्यापासून हे वाक्य मी दर आठवड्याला ऐकत होते. त्या घरात राहून बियांवर उकळतं पाणी ओतणारी बाई वेडीच म्हणायची.

मी रीतसर लावलं. दोन भाग गंगेचा गाळ, एक भाग पालापाचोळ्याचं खत, एक भाग वाळू, सगळं जुन्या चाळणीतून चाळून. बारा बिया अर्ध्या बोटाच्या खोलीवर. गंगेचं पाणी उकळणं आमच्याकडे कोणी चालवून घेतलं नसतं, म्हणून विहिरीचं पाणी आणून मी रोज उकळत असे, निववून फडक्यातून गाळत असे आणि मग घालत असे. वहीत एक पान त्यासाठी आखलं.

धाकटीने ते पाहिलं. "जाऊबाई, बियांना काढा देताय की काय? ताप आलाय का त्यांना?"

"तू तुझ्या पेरल्यास?"

"पेरीन हो. जल्दी काय आहे? पदराला बांधल्यात. कुठे पळून जातायत."

आठ-दहा दिवसांनी तिने त्या छतावरच्या एका फुटक्या नांदेत टाकल्या. पूर्वी गाईसाठी असलेली ती जुनी नांद. तिच्यात कुठली तरी ढेकळं, कौलांचे तुकडे, एक कोळसाही मी पाहिला. मी काही सुचवलं नाही. खरं तर मला बरं वाटलं.

कार्तिक लागला. घाटावर आकाशदिव्यांच्या टोपल्या बांबूंवर चढल्या, आणि त्याच आठवड्यात तिच्या नांदेत हिरवे ठिपके दिसले. चार दिवसांत दहा रोपं. बारापैकी दहा. माझ्या कुंडीत चाळलेली माती होती, तेवढीच.

खाली बातमी कळली आणि मामंजी छतावर आले. आमच्या घराला तळापासून छतापर्यंत बेचाळीस पायऱ्या आहेत. अठरा वर्षांत माझा मोगरा बघायला ते एकदाही चढले नव्हते. त्या दिवशी कठड्याला धरून, दोनदा थांबून ते आले आणि फुटक्या नांदेपाशी उकिडवे बसले.

"सातासमुद्रापलीकडचं ना हे?"

"जी, मामंजी," धाकटी पदर ओढून म्हणाली.

"फूल पिवळं येतं म्हणतात. वसंतपंचमीला मिळेल?"

"या वर्षी नाही. पुढच्या नाहीतर त्याच्या पुढच्या."

"येईल तेव्हा त्या दिवशीची परडी तू आण."

एवढं बोलून ते उतरले. माझ्या कुंडीत काय लावलंय हे त्यांनी विचारलं नाही.

एका दिवसाची परडी. कोणाला सांगितलं तर तो हसेल. पण ती परडी हीच त्या घरातली माझी जागा होती. मुलं मोठी होत होती, नवरा पाठशाळेत आणि पोथ्यांत, स्वयंपाक दोघींत वाटलेला. अख्ख्या दिवसात माझी एकटीची म्हणावी अशी ती एकच गोष्ट होती, आणि ती न मागता दुसरीच्या पदरात चालली होती.

मी कारणांची यादी केली. ऊन, माती, पाणी, हात. पहिली तीन बदलण्यासारखी होती. कुंडी तिच्या नांदेशेजारी नेली. ती खाली असताना तिची मूठभर माती आणून माझ्या कुंडीत मिसळली. उकळलेलं पाणी बंद करून तिच्याच लोट्याने पाणी घातलं. पंचविसाव्या दिवशी मी कुंडी परातीत पालथी केली आणि माती चाळली. बाराच्या बारा बिया निघाल्या, पहिल्या दिवशी होत्या तशाच काळ्या, चकचकीत आणि टणक. यादीत 'हात' एवढंच उरलं.

मी भावजींना गाठलं. "माझ्या वाटणीला सगळं पोचट बी आलं."

"वहिनी, वाटणी तुम्हीच केलीत. पाटावर, मोजून."

हे खरं असल्यामुळे मी जास्तच चिडले. त्या दिवशी पंगतीत वाढताना मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "ती नांदेतली रोपं म्हणजे बाभूळ आहे. पानं बघा, थेट बाभळीची. मडमेने भलतंच बी दिलंय." बामणाच्या घरावर बाभूळ, म्हणजे उपटून टाकण्याचंच काम.

मामंजींनी भात कालवता कालवता उत्तर दिलं, "बाभूळ असेल तर काटा येईल. बघू."

मग मी रोज काटा बघायला जाऊ लागले. सकाळी पाणी घालताना, दुपारी वाळवण उलटताना. पानं बाभळीसारखीच बारीक, पिसासारखी होती, पण काटा येईना. पुढे तर नवलच झालं. वरची नवी पानं पिसासारखी न येता सपाट आणि लांबट येऊ लागली, करडी हिरवी, कुंपणावरून पाहिली होती तशीच. एकाच रोपावर खाली एक पान, वर दुसरं. धाकटीने सगळ्यांना हाताला धरधरून ते दाखवलं. मलाही दाखवलं. मी म्हटलं, "छान आहे."

आता माकडांचं. काशीत छतावर काही वाढवायचं तर काठी हाताशी लागते. माझी काठी जिन्याच्या दाराआड असे आणि एकोणतीस कुंड्यांवर तिचा अंमल होता. मार्गशीर्षात एका सकाळी मी शेवंती खुडत होते. घाटावरच्या मशिदीच्या बाजूने तीन माकडं आली, शेजारच्या कठड्यावरून उडी मारून थेट नांदेवर. काठी माझ्या हातात होती. मी ती उचलली नाही. मनात आकडे मोजू लागले. एक, दोन, तीन. एका माकडाने रोप उपटलं, हुंगलं, फेकलं, दुसरं उपटलं. मी दहापर्यंत मोजलं आणि मग काठी आपटली.

सहा रोपं गेली होती. चार राहिली.

आवाज ऐकून धाकटी जिन्याच्या दारातून पुढे आली. पडलेली रोपं गोळा करून तिने पदरात घेतली. ती रडली नाही. म्हणाली, "जाऊबाई, तुम्ही होतात म्हणून चार तरी राहिली."

मी मान हलवली. वहीत त्या दिवशी लिहिलं: रोपं सहा गेली. कारण: माकडं.

त्याच दुपारी ती माझ्याजवळ तांदूळ निवडायला येऊन बसली आणि आपणहून म्हणाली, "एक सांगू? रागावणार नाही ना?"

"काय?"

"ते बी ना, मी उकडलं होतं."

मला काही समजलं नाही. तिने सगळं सांगितलं. बिया पदराच्या गाठीत बांधलेल्या ती विसरून गेली. तेच लुगडं धुवायला घंगाळात टाकलं, वरून उकळतं पाणी ओतलं आणि रात्रभर भिजत ठेवलं. सकाळी पिळताना हाताला गाठ लागली. सोडली तर बिया फुगून दुप्पट झालेल्या.

"म्हटलं, गेलं सगळं. मामंजींचं ते भाजलेलं बी. पण तुम्हाला काय सांगणार? तुम्ही रोज तिकडे पाणी गाळताय, आणि मी बी लुगड्याबरोबर धुऊन काढलं. फेकवेना, म्हणून नांदेत टाकलं. उगवणार नाहीच म्हणून माती-बिती पाहिली नाही."

मी तांदळाचं सूप बाजूला ठेवलं आणि भावजी आल्याबरोबर पुडीचा कागद पुन्हा वाचायला लावला. तोच मजकूर होता. उकळतं पाणी घाला, रात्रभर राहू द्या, फुगलेलं बी पेरा.

"मी तेच म्हणत होतो, वहिनी," ते म्हणाले.

म्हणजे रीत माझ्या हातात आली होती, आणि मीच ती दुरुस्त केली होती. ज्या बाईला कागद वाचून दाखवलाच नव्हता तिच्या हातून मात्र ती शब्दशः पाळली गेली. हे मला आजही गिळवत नाही.

मी चाळून ठेवलेल्या बारा बिया काढल्या, वाटीत घेतल्या, चुलीवरचं पाणी त्यांच्यावर ओतलं. ओतताना हात मागे येत होता. सकाळी नऊ फुगल्या होत्या. त्या मी लावल्या आणि थंडी होती तरी सात उगवल्या. पाणी साधंच घातलं.

गोष्ट अर्थातच खाली पोचली. विद्यार्थ्यांत खसखस पिकली. मामंजी दोन दिवस त्या दृष्टांतावर आले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले. मी जिन्यात बसून दूर्वा निवडत होते, ऐकू येत होतं.

"भाजलेल्या बियाला अंकुर नाही," ते म्हणाले आणि थांबले. "आपल्या देशातल्या. दृष्टांत सांगताना मुलूख सांगत जावा."

सगळे हसले, तेही हसले असावेत. मग एका विद्यार्थ्याने विचारलं, "गुरुजी, मग चटका बसल्यावरच अंकुरतात अशी कर्मंही असतील?"

"असतात," मामंजी म्हणाले आणि पुढचं सूत्र लावलं.

मी त्या दिवशी दूर्वांच्या जुड्या दोनदा चुकीच्या बांधल्या. एकवीसच्या जागी दहा.

दोन उन्हाळे गेले. तिच्या चारांतलं एक झाड तगलं, माझ्या सातांतलं एक. काशीचा मे महिना ऑस्ट्रेलियाला फारसा मानवत नाही, किंवा माझ्या छतावरचा मानवत नाही. तिसऱ्या माघात दोन्ही झाडं माणसाच्या खांद्याएवढी होती. माझ्या झाडावर मोहरीएवढ्या कळ्या धरल्या. तिचं झाड पंचमीच्या चार दिवस आधी फुललं, नांदेतून उतू जावं तसं.

आदल्या संध्याकाळी ती स्वयंपाकघराच्या दारात आली. "जाऊबाई, परडी तुम्हीच न्या. पहाटे मला कोण उठवणार?"

"मामंजींनी तुला सांगितलंय."

"त्यांना फुलांशी मतलब. तुम्ही खुडा, तुम्हाला येतं."

ज्या परडीसाठी मी दोन वर्षं जळले ती तिने अशी देऊन टाकली, जशी एखादी आपल्या वाटची करंजी दुसरीच्या पानात सरकवते. मला ती तशी देता आली नसती, याचाही मला हेवा वाटला.

पहाटे मी तिच्या झाडाचे गोंडे खुडले. हातांना पिवळी पूड लागली. मामंजी स्नान करून आले, समईच्या उजेडात परडीकडे वाकून बघू लागले. त्यांची नजर तोवर अधू झाली होती.

"कोणाच्या झाडाचं?"

"माझ्या" म्हटलं असतं तर चाललं असतं. धाकटीनेही खोडून काढलं नसतं.

"तिच्या," मी म्हटलं. मग थांबता आलं नाही. "तिची दहा होती, मामंजी. त्यातली सहा रोपं माकडांनी उपटली, तेव्हा मी काठी घेऊन उभी होते. दहा मोजेपर्यंत काठी उचलली नाही."

त्यांनी एक गोंडा उचलून नाकाशी नेला. "तिला सांगितलंस?"

"नाही."

"मग मला सांगून काय उपयोग?" त्यांनी तो गोंडा देवाला वाहिला आणि संकल्प सुरू केला.

मी सरळ स्वयंपाकघरात गेले. धाकटी चुलीपुढे केशरी भाताचं बघत होती, बाजूला दूध तापत होतं. मी दारातच उभं राहून सगळं सांगितलं, आकड्यासकट.

तिने मागे वळून पाहिलं. "ठाऊक आहे मला. मी दारात होते ना. तुमचे ओठ हलत होते."

"तू पाहिलंस?"

"पाहिलं. पहिल्यांदा वाटलं, स्तोत्र म्हणताय."

"आणि मग म्हणालीस की मी होते म्हणून चार राहिली?"

"राहिलीच ना. वीस मोजले असते तर?" तिने भात ढवळला. "म्हणून तर तुम्हाला लुगड्याचं सांगितलं. नाहीतर मी कशाला सांगते? म्हटलं, यांची उगवली तर माझी वाचतील."

इतकी साधी, कामाची, व्यवहाराची गोष्ट; माझ्या कोणत्याही यादीत ती नव्हती. ती सुचली होती किल्ल्या हरवणाऱ्या बाईला. तेवढ्यात दूध उतू गेलं. सांडशी घेऊन पातेलं मीच उतरवलं, कारण ती हसत होती.

नंतर वही काढून मी मार्गशीर्षातल्या त्या नोंदीत 'माकडं' या शब्दापुढे 'आणि मी' असं लिहिलं. परडी पुढेही माझ्याकडेच राहिली. वसंतपंचमीला मात्र दोन्ही झाडांची फुलं जातात, तिची उजवीकडे, माझी डावीकडे, हा नियम मीच घातला आहे.

हेवा संपला, असं लिहिलं तर खोटं होईल. झाडं आता शेजारी शेजारी आहेत, माती एक, पाणी एक, ऊन एक. परवा ती माहेरी गेली असताना मी दोरी लावून दोन्ही मोजली. तिचं माझ्याहून एक वीत चार बोटं उंच भरलं.